सरड्याची धाव पिंजऱ्यापर्यंत

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण माणसाच्या तोकड्या कुवतीवर टीका करण्यासाठी वापरत आलो. सरड्याच्या बाजूने पाहिले तर कुंपण ही काही लहान जागा नव्हे. कुंपणावर ऊन असते, सावली असते, पहाटेचे दव असते, किडे-मुंग्या असतात आणि शत्रू दिसताच दडून बसायला पाने असतात. महानगरांतील सदनिकांमध्ये हौसेखातर पाळल्या जाणाऱ्या परदेशी शॅमेलिऑनच्या वाट्याला मात्र यातले काहीच आपसूक येत नाही. येमेनच्या डोंगरउतारावरचा, मादागास्करच्या किनारी जंगलातला किंवा केनियाच्या पर्वतराजीतला हा जीव दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या पिंजऱ्यात येऊन पडतो, आणि त्याचे ऊन, पाऊस व रात्र ठरवण्याची जबाबदारी एका माणसावर येते. ही जबाबदारी नेमकी केवढी आहे, याचा विचार प्राणी घरी आणण्यापूर्वी फारच थोडे लोक करतात.

विषय हौसेचा वाटला तरी तो आता सार्वजनिक झाला आहे. जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात विषारी सापांपासून सरडे व पक्ष्यांपर्यंत नाना जीव कोंबून आणलेले सापडले. थायलंड-भारत या हवाई मार्गावर त्याआधीच्या साडेतीन वर्षांत जिवंत आणि मृत मिळून सात हजारांहून अधिक प्राणी पकडले गेल्याचे वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने त्याच महिन्यात सांगितले. जे पकडले गेले त्यांची ही गोष्ट. जे सुटून आले ते कोणाच्या तरी घरात आहेत, आणि त्यांचे पुढे काय होते याची बातमी होत नाही.

कायद्याची चौकट

शॅमेलिऑन कुळात दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील जवळपास निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आढळतात. हे संपूर्ण कूळ संकटग्रस्त वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या कक्षेत येते. बहुतेक जाती या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणजे व्यापाराला सरसकट बंदी नाही, परंतु निर्यातदार देशाच्या परवान्याशिवाय प्राणी सीमेपलीकडे नेता येत नाही. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. तरीही दीर्घकाळ आपल्याकडे एक चमत्कारिक पोकळी होती. देशी वन्यप्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच होते. परदेशी प्राणी मात्र एकदा सीमाशुल्क विभागाच्या नजरेतून निसटून देशात शिरला, की तो कोणाकडे आहे हे विचारण्याची पुरेशी सोय कायद्यात नव्हती.

ही पोकळी भरून काढण्याचे प्रयत्न टप्प्याटप्प्याने झाले. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राण्यांच्या स्वेच्छा नोंदणीची योजना आणली आणि ठरावीक मुदतीत माहिती देणाऱ्यांकडे कागदपत्रे मागितली जाणार नाहीत, असे आश्वासन दिले. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने मूळ कायद्यातील सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि चौथी अनुसूची ‘साइट्स’मधील जातींसाठी राखून ठेवली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस नोंदणीचे नियम प्रसिद्ध झाले, आणि असे प्राणी बाळगणाऱ्यांना ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंद करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. ती ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस संपली. त्यानंतर ताब्यात आलेल्या प्राण्याची नोंद तीस दिवसांत करणे बंधनकारक आहे. मालकी बदलली, पिल्ले झाली किंवा प्राणी दगावला तर तेही कळवावे लागते.

आपल्या मातीतल्या शॅमेलिऑनची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात घोयरा या नावाने ओळखला जाणारा हा संथ, डुलत चालणारा सरडा वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पकडणे, पाळणे वा विकणे हा गुन्हा आहे. ‘बागेत सापडला म्हणून ठेवला’ हा बचाव येथे चालत नाही.

कायद्याची ही प्रगती स्वागतार्हच म्हटली पाहिजे. तथापि तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. प्राणी कोणाकडे आहे, हे नोंदणी सांगते. तो कसा आहे, हे ती सांगू शकत नाही. शॅमेलिऑनच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक बिकट आहे.

एक नाव, अनेक हवामाने

शॅमेलिऑन पाळणे म्हणजे एका प्राण्याला घर देणे, अशी समजूत असते. प्रत्यक्षात ते एका प्रदेशाचे हवामान चार भिंतींत उभे करणे असते, आणि तो प्रदेश जातीगणिक बदलतो. पाळीव प्राण्यांच्या व्यापारात तीन जाती विशेष दिसतात. डोक्यावर उंच शिरस्त्राण असलेला वेल्ड शॅमेलिऑन मूळचा येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियाचा. रंगांची उधळण करणारा पँथर शॅमेलिऑन उत्तर व पूर्व मादागास्करच्या दमट पट्ट्यातला. नाकावर तीन शिंगे मिरवणारा जॅक्सन शॅमेलिऑन केनिया व टांझानियाच्या थंड डोंगरांतला. पहिल्या दोन जाती अंडी घालतात, तिसरी थेट पिल्लांना जन्म देते. मादागास्करच्या नैऋत्य भागातल्या लाबोर्ड शॅमेलिऑनचे आयुष्य तर अंड्यात आठ-नऊ महिने आणि अंड्याबाहेर जेमतेम चार-पाच महिने असते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून जगापुढे आले. ‘शॅमेलिऑनला काय लागते?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, ते याचमुळे.

वेल्ड शॅमेलिऑनला दिवसा पिंजऱ्यात एका जागी तीस-बत्तीस अंश सेल्सिअसपर्यंत ऊब लागते. बाकीची जागा बावीस ते सव्वीस अंशांच्या आसपास हवी आणि रात्री पारा त्याहूनही खाली यायला हवा. जॅक्सन शॅमेलिऑनला याहून बरीच थंड रात्र लागते. रात्रीचा गारवा ही त्याच्यासाठी चैन नसून विश्रांतीची अट आहे. आता मे महिन्यातली मुंबईची रात्र आठवावी, जेव्हा पारा सत्तावीस अंशांच्या खाली उतरायला तयार नसतो. पंचेचाळीस अंशांना टेकणारी नागपूरची दुपार आठवावी. वातानुकूलन यंत्राने तापमान खाली येते खरे, परंतु त्याबरोबर हवेतला ओलावाही जातो. मुंबईच्या जुलैत नेमका उलटा पेच पडतो. ओल इतकी असते की हवा खेळती नसलेल्या पिंजऱ्यात बुरशी धरते आणि प्राण्याच्या फुप्फुसांत संसर्ग होतो. या तिन्ही जातींसाठी काचेची बंद पेटी म्हणूनच धोक्याची ठरते. पूर्ण वाढलेल्या वेल्ड शॅमेलिऑनसाठी साधारण साठ सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि एकशेवीस सेंटिमीटर उंच असा जाळीचा पिंजरा हे किमान माप मानले जाते. उंची महत्त्वाची, कारण हा झाडावरचा प्राणी आहे. उंचावर बसलेला असताना तो निर्धास्त असतो. जमिनीलगतच्या पेटीत वरून डोकावणारा प्रत्येक चेहरा त्याला शिकारी पक्ष्यासारखा भासतो.

पिंजऱ्यात आडव्या फांद्या आणि दाट पाने हवीत. आपल्या घराघरांतला मनीप्लँट आणि जास्वंद या कामी येतात. वेल्ड शॅमेलिऑन पानेही खातो, त्यामुळे झाड निवडताना डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. कण्हेर आणि रुई विषारी आहेत. पिंजऱ्याच्या आसपासही त्यांना स्थान नसावे. आणखी एक गोष्ट. शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी आहे. ‘सोबत’ म्हणून दुसरा आणून सोडणे म्हणजे दोघांनाही कायमच्या भयात लोटणे. काचेत दिसणारे स्वत:चे प्रतिबिंबदेखील त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकते.

उन्हाचे गणित

पाळीव शॅमेलिऑन दगावण्यामागे एक कारण वारंवार आढळते, ते म्हणजे उन्हाचा अभाव. येथे ऊब आणि प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजून घेतले पाहिजे. सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांच्या साहाय्याने सरड्याच्या त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्याच बळावर अन्नातले कॅल्शियम शरीरात शोषले जाते. हे किरण न मिळाल्यास शरीर हाडांतले कॅल्शियम काढून वापरू लागते. हाडे मऊ पडतात, पाय धनुकलीसारखे वाकतात, जबडा लिबलिबीत होतो, जीभ नेम धरून फेकता येत नाही, आणि पकड सुटून प्राणी फांदीवरून पडू लागतो. सकस अन्न समोर असूनही तो उपाशी मरतो.

‘आमच्या घरात भरपूर ऊन येते’ हे उत्तर येथे उपयोगाचे नाही, कारण खिडकीची काच अतिनील-ब किरणांचा बहुतांश भाग अडवते. बल्बची उष्णताही ही उणीव भरून काढत नाही. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता बनवलेला खास अतिनील दिवा लागतो आणि तो प्राण्यापासून योग्य अंतरावर बसवावा लागतो. शिवाय हा दिवा फसवा असतो. त्याचा उजेड डोळ्यांना पूर्वीसारखाच दिसतो, पण अतिनील किरणांचे प्रमाण हळूहळू घटत जाते. म्हणून साधारण सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा लागतो. ज्या गावांत विजेचे भारनियमन होते, तेथे हे सारे गणित किती डळमळीत आहे हे सांगायला नको. गच्चीतले कोवळे ऊन थेट देणे उत्तमच, परंतु जाळीच्या पिंजऱ्यात, पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत ठेवून आणि देखरेखीखाली. काचेच्या पेटीत तेच ऊन काही मिनिटांत जीव घेऊ शकते.

निसर्गाने या प्राण्याला स्वत:चे गणित सांभाळण्याची विलक्षण समज दिली आहे. पँथर शॅमेलिऑनवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की आहारातून ड-३ जीवनसत्त्व कमी मिळाले तर हे सरडे उन्हात अधिक वेळ बसतात, आणि पुरेसे मिळाले तर ऊन टाळतात. या समजेचा उपयोग करण्यासाठी ऊन आणि सावली या दोन्हींची निवड त्याच्या हाती असावी लागते. ही निवड देणारा पिंजराच त्याचे घर होऊ शकतो.

पाणी आणि दाणा

भांड्यात पाणी भरून ठेवले की कर्तव्य संपले, हा कुत्र्या-मांजरांचा नियम येथे लागू पडत नाही. साचलेले पाणी शॅमेलिऑनला सहसा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. तो पानांवरचे दवबिंदू आणि पावसाचे थेंब चाटून तहान भागवतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ पानांवर बारीक फवारा मारावा लागतो किंवा थेंब-थेंब पाणी पडत राहील अशी ठिबक व्यवस्था करावी लागते. दोन फवाऱ्यांमध्ये पाने कोरडी होऊ देणेही तितकेच आवश्यक. खोल गेलेले डोळे आणि विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-नारिंगी होणे ही शरीर कोरडे पडत असल्याची चिन्हे होत. दीर्घकाळ पाणी कमी पडले की मूत्रपिंडे थकतात, सांध्यांत युरिक आम्ल साचते आणि मग औषधोपचारांनाही फारसा वाव उरत नाही.

आहाराविषयीही असेच गैरसमज आहेत. ‘किडे खातो, मग किडे काय कुठेही मिळतात’, असे म्हटले जाते. परंतु बाजारात मिळणाऱ्या रातकिड्यांमध्ये आणि मीलवर्मसारख्या अळ्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. शरीराला हवे असते ते नेमके याच्या उलट प्रमाण. त्यामुळे खाद्य म्हणून आणलेल्या किड्यांना आधी एक-दोन दिवस हिरव्या पालेभाज्या, गाजर, भोपळा असा चारा घालून पोसावे लागते आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी हलकेच भुरभुरावी लागते. जीवनसत्त्वांची भुकटी मात्र महिन्यातून एक-दोनदाच. अ आणि ड ही जीवनसत्त्वे अति झाली तरी अपायकारक ठरतात. अ जीवनसत्त्व कमी पडल्यास पापण्या सुजतात, डोळे मिटू लागतात. ज्याची सारी शिकार नजरेच्या अचूकतेवर चालते, त्याचे डोळे मिटणे म्हणजे उपासमारच.

किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा, हा साधा आडाखा उपयोगी पडतो. पिल्लांना रोज खाऊ घालावे, पूर्ण वाढलेल्या प्राण्याला एक दिवसाआड पुरते. रातकिड्यांबरोबर रेशीमकिड्यांच्या अळ्या, खाद्यासाठी मुद्दाम वाढवलेली झुरळे अशी आलटून-पालटून विविधता ठेवावी. स्वयंपाकघरातली झुरळे किंवा रस्त्यावरच्या दिव्याखालचे किडे देऊ नयेत, त्यांच्या अंगात कीटकनाशक असू शकते. काजव्यांच्या काही जातींतील विष सरड्यांना प्राणघातक ठरल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा काजवा हे खाद्य नव्हेच. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पिंजऱ्यात सोडून दिल्यास ते झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे.

मादी पाळणाऱ्यांसाठी एक इशारा अगत्याचा आहे. वेल्ड शॅमेलिऑनची मादी नराशी संबंध आलेला नसतानाही अंडी धरते, आणि एका खेपेला ती डझनावारी असतात. अंडी घालण्यासाठी तिला ओलसर, खणता येईल अशी साधारण एक फूट खोल वाळू लागते. तशी जागा नसली तर ती अंडी पोटात धरून ठेवते, आणि त्यातच तिचा अंत होतो. भरपेट खाऊ घालणे आणि अति ऊब देणे यामुळे अंड्यांची संख्या वाढते, म्हणून मादीला खाद्य व उष्णता दोन्ही बेतानेच द्यावीत. लाडाने वाढवलेला घास येथे अक्षरश: जिवावर बेततो.

आजार लपवणारा जीव

शॅमेलिऑनचे रंग बदलणे हा आपल्याकडे लबाडीचा दाखला मानला जातो. विज्ञान काही वेगळेच सांगते. त्वचेतील विशिष्ट पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि त्या स्फटिकांमधील अंतर बदलले की परावर्तित होणारा रंग बदलतो, हे जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. हे रंग प्रामुख्याने एकमेकांना इशारे देण्यासाठी आणि अंगातली उष्णता सांभाळण्यासाठी असतात. म्हणजे रंग बदलून तो फसवत नसतो, बरेच काही सांगत असतो. पहाटे गडद झालेला सरडा ऊन मागत असतो. दिवसभर काळवंडलेला, फुगलेला, तोंड उघडून फिस्कारणारा सरडा भ्यालेला असतो. हातावर घेऊन छायाचित्रे काढताना त्याचे रंग खुलले, तर तो आनंद नसून धास्ती असण्याची शक्यताच अधिक.

आजाराच्या बाबतीत मात्र हा प्राणी खरोखर लपवाछपवी करतो. जंगलात दुबळा दिसणारा जीव शिकाऱ्याच्या तोंडी लवकर पडतो, म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट असल्याचे सोंग वठवतो. दिवसा मिटलेले डोळे, पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणे, पकड सैल होणे, तोंड वर करून श्वास घेणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. दर आठवड्याला वजन करून वहीत टिपून ठेवणे, हा म्हणूनच साधा आणि बहुमोल उपाय आहे. पिंजरा हाताळल्यावर साबणाने हात धुणे हाही नियमच हवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू पसरू शकतात, आणि लहान मुलांना व वृद्धांना त्यांचा धोका अधिक असतो.

आजार ओळखला, तरी पुढचा प्रश्न उभा राहतो तो डॉक्टरांचा. आपल्याकडील पशुवैद्यकीय शिक्षणाचा भर साहजिकच गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि कुत्र्या-मांजरांवर आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करू शकणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच सापडतात. त्यातच प्राणी चोरट्या मार्गाने आलेला असेल, तर मालक दवाखान्याची पायरी चढायलाच कचरतो. कायद्याच्या भीतीची किंमत अशा वेळी गुन्हेगार मोजत नाही, मुका प्राणी मोजतो.

सोडून देणे हा पर्याय नव्हे

हौस फिटली, खर्च झेपेनासा झाला किंवा चौकशीची भीती वाटू लागली, की ‘जंगलात सोडून देऊ’ असा विचार काहींच्या मनात येतो. त्याचे परिणाम काय होतात, हे हवाई बेटांनी अनुभवले आहे. पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी १९७२ मध्ये तेथे आणलेले काही डझन जॅक्सन शॅमेलिऑन मोकळ्यावर गेले आणि पाहता पाहता त्यांनी बेटांवर बस्तान बसवले. पुढे वेल्ड शॅमेलिऑनही तेथे माउई बेटावर आढळला, आणि अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातही त्याने मूळ धरले. स्थानिक कीटक आणि इतर लहान जीव त्यांचे भक्ष्य ठरतात. आपल्या सह्याद्रीत आणि विदर्भाच्या रानांत घोयरा आधीच नांदतो आहे. परदेशी नातलगाबरोबर येणारे परजीवी आणि रोग त्याच्या वाट्याला आले, तर ते निस्तरणे कोणाच्याच हाती राहणार नाही. सोडून दिलेला प्राणी बहुधा मरतो आणि जगला तर उपद्रव होतो. दोन्ही परिणाम वाईटच. प्राणी सांभाळणे अशक्य झाल्यास वन विभागाला कळवणे, हाच रास्त मार्ग.

नोंदणीच्या पुढे

हौशी पालकांची बाजूही येथे मांडली पाहिजे. वेल्ड आणि पँथर या जातींची पैदास युरोप-अमेरिकेत बंदिवासातच मोठ्या प्रमाणावर होते, त्यामुळे जंगलावरचा भार कमी होतो, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. या प्राण्यांच्या आहार-विहाराविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्यातला मोठा वाटा अनुभवी पालकांच्या निरीक्षणांचा आहे, हेही मान्य करायला हवे. परंतु मोज्यात गुंडाळून, बॅगेत कोंबून आणलेला प्राणी पैदास केंद्रातला की जंगलातला, हे सांगणार कोण? मादागास्करमधील बहुतांश जातींचा व्यापार १९९० च्या दशकाच्या मध्यास रोखावा लागला, तो जंगलातून होणाऱ्या बेसुमार उचलीमुळेच.

तेव्हा सरसकट बंदी की मोकळीक, या वादापेक्षा प्राणी पाळण्याची पात्रता हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. आपल्या १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात, प्राण्याला हालचालीची वाजवी संधी मिळणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे ही क्रूरता मानली आहे. पण शॅमेलिऑनच्या बाबतीत ‘वाजवी’ म्हणजे काय, याची व्याख्या लांबी-रुंदीत संपत नाही. प्रकाश, उतरती रात्र, पानांवरचे पाणी हेही तिचे घटक आहेत. जर्मनीत १९९७ मध्येच केंद्रीय मंत्रालयाच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या संगोपनाचे किमान निकष लिहून काढले आणि पिंजऱ्याचे माप प्राण्याच्या शरीराच्या लांबीच्या पटीत ठरवून दिले. अशा निकषांमुळे न्यायालयाला आणि निरीक्षकाला हातात धरण्याजोगी मोजपट्टी मिळते.

आपल्याकडे हे अशक्य आहे असे नाही. नोंदणीची यंत्रणा उभी राहिली आहेच. तिला जोडून प्रत्येक प्रमुख जातीचे संगोपन-निकष मराठीसह भारतीय भाषांतून प्रसिद्ध करावेत; नोंदणीकृत प्राण्याची वर्षातून एकदा पशुवैद्यकीय तपासणी व्हावी; विक्रेत्याने प्राण्याबरोबर त्याच्या उगमाची कागदपत्रे आणि काळजीचे लेखी मार्गदर्शन देणे सक्तीचे करावे; आणि आजारी प्राणी दवाखान्यात आणणाऱ्याला आधी उपचार, मग चौकशी, असा दिलासा मिळावा. पशुवैद्यक महाविद्यालयांत या विषयाचे छोटे अभ्यासक्रम सुरू झाले, तर त्याचा लाभ जखमी देशी सरडे आणि सापांनाही होईल.

आणि वाचकांपैकी ज्यांच्या मनात असा प्राणी आणण्याची इच्छा असेल, त्यांनी आधी रिकामा पिंजरा महिनाभर चालवून पाहावा. दिवे, फवारे, तापमापक, रातकिड्यांचा डबा, झाडे, सारे काही. फक्त प्राणी नाही. एकही सकाळ न चुकता हे निभावले आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता व प्राण्याची कायदेशीर कागदपत्रे हाती आली, तरच पुढचे पाऊल टाकावे. बहुतेकांना महिन्याच्या आतच उत्तर मिळेल. त्यांच्यासाठी पावसाळ्यानंतरचा एखादा रविवार काढून गावाकडच्या कुंपणाशी हळूच उभे राहणे पुरे आहे. नशिबाने साथ दिली तर डुलत डुलत पाऊल टाकणारा घोयरा दिसेल, एक डोळा आपल्यावर आणि दुसरा आपल्या भक्ष्यावर ठेवून. त्याला ऊन, पाणी किंवा दाणा देण्यासाठी आपली गरज नाही. कुंपण शाबूत राहिले, एवढेच त्याला आपल्याकडून हवे आहे.